कपाटातली क्रेन

सोलापूरहून एका वाचक भगिनींचे सहा पानी पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील त्यांच्याच विनंतीवरून वगळून त्याचा गोषवारा येथे देत आहे.

त्यांचे वय 47 असून त्या एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहतात. वडील कापड गिरणीत जॉबर, म्हणजे मागांची देखभाल पाहणारे, होते; गेल्या श्रावणात ते वारले. दिवाळीनंतर गिरणी चाळीतले घर रिकामे करताना पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत मेकॅनोचा, म्हणजे भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडण्याच्या खेळाचा, जुना संच निघाला. थोरला भाऊ चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये चमकला तेव्हा वडिलांनी बोनसच्या पैशातून तो त्याला आणून दिला होता. भाऊ संध्याकाळी क्रिकेटला गेला की संच या बहिणीच्या हाती लागे, आणि भाऊ परतायच्या आत जोडलेले सारे सोडवून, पट्ट्या लांबीप्रमाणे रचून, डबा जागच्या जागी ठेवावा लागे. "मुलीच्या जातीला नट-बोल्ट कशाला," असे आजी म्हणत असे.

भंगारात घालू म्हणून त्यांनी संच घरी आणला आणि त्याच रात्री सारे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक लहान क्रेन जोडली. त्या लिहितात, "दोरा नव्हता म्हणून टॉवेलच्या किनारीचा धागा उसवून कप्पीवरून घेतला. दांडी फिरवली आणि आकडा वर आला तेव्हा माझ्या तोंडून 'आला!' असे मोठ्याने निघून गेले." त्यानंतर पाच महिने आठवड्यातून तीन-चार रात्री, एक वाजेपर्यंत, हेच चालले आहे. ऑनलाइन आणखी दोन संच आणि सुटे भाग मागवण्यात साडेअकरा हजार रुपये गेले. पतीला ते भिशीचे हप्ते म्हणून सांगितले. क्रेन कपाटात साड्यांच्या मागे ठेवलेली असते. मुलगा यंदा दहावीत जाणार आहे. रात्री पाणी प्यायला उठलेल्या त्या मुलाने विचारले तेव्हा "ऑफिसातल्या बाईंच्या मुलासाठी जोडून देते आहे" असे उत्तर दिले. आता पुण्याला असलेल्या भावाने संच सापडल्याचे ऐकून, मे महिन्यात येईन तेव्हा माझ्या मुलासाठी घेऊन जाईन, असे कळवले आहे.

या वयात हे शोभते का, हे व्यसन तर नव्हे, भावाला सारे देऊन विषय संपवावा का, की लहान मुलांचा वर्ग काढून त्याचा निदान काही उपयोग करून घ्यावा, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई,

तुमच्या सहा पानांपैकी जवळजवळ पाच पाने लपवण्याविषयी आहेत. काय कुठे ठेवले, कुणाला काय सांगितले, कुणाच्या पावलांचा आवाज कसा ओळखू येतो, हे सारे तुम्ही बारकाईने लिहिले आहे. प्रत्यक्ष जोडण्याविषयी फार तर बारा ओळी असतील, पण पत्रात तुमचा आवाज मला प्रथम ऐकू आला तो त्या ओळींतच. टॉवेलच्या किनारीचा धागा उसवून तो कप्पीवर चढवणारी बाई आणि उरलेली पाच पाने लिहिणारी घाबरलेली बाई एकच आहे, यावर विश्वास बसणे मला अवघड गेले.

तुमच्या पहिल्या प्रश्नात एक गृहीत आहे: ही वस्तू मुलांची आहे आणि तुम्ही तिच्यापाशी चुकून परत आला आहात. मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी हा इंग्लंडमधील लिव्हरपूलचा. तो मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकून होता आणि अभियांत्रिकीचे शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. घरी आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापून, त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडून तो खेळणी करू लागला आणि 1901 मध्ये त्याने त्या कल्पनेचे पेटंट घेतले, तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. पुढे 1907 मध्ये 'मेकॅनो' हे नाव आले आणि आपल्याकडे तर भोकांच्या पट्ट्यांच्या कोणत्याही संचाला लोक तेच नाव देऊ लागले. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहून संध्याकाळी घरात पट्ट्या जोडणाऱ्या माणसापासूनच या खेळाची सुरुवात झाली आहे. तेव्हा हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी तो खेळावा यात विसंगत असे काही मला दिसत नाही.

मात्र वयाचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका वयाचा आहे का, हे एकदा तपासून पाहा. मेकॅनोच्या जुन्या जाहिराती आणि पुस्तिका मुलग्यांना उद्देशून असत. तुमच्या आजीने मराठीत जे म्हटले तेच त्या इंग्रजीत छापत होत्या. लहानपणीही हा खेळ "तुझ्या वयाला" शोभत नाही असे तुम्हाला कुणी म्हणाले नव्हते. तो तुमच्या वाट्याचा नाही, असे सांगितले गेले होते. भावाने जोडलेली गाडी चार दिवस खिडकीत उभी राहत असेल, येणारे-जाणारे तिचे कौतुक करत असतील. तुमची मात्र एकही वस्तू रात्रभर उभी राहिली नाही. संध्याकाळी साडेसहाला ती सोडवावीच लागली. आज नोकरी तुमची, पैसा तुमचा, घर तुमचे, आणि तरीही मध्यरात्री एक वाजता तुम्ही क्रेन साड्यांच्या मागे सरकवता, म्हणजे भाऊ क्रिकेटहून परत यायच्या आत डबा जागेवर ठेवण्याचे काम तुम्ही अजून करतच आहात. माझ्या मते तुमच्या मनाला जो काटा बोचतो आहे तो येथे आहे. खेळण्यात अपराध नाही. लपवण्याची सवय मात्र फार जुनी आहे आणि तिच्यामुळे खेळही अपराधासारखा वाटू लागला आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती मी थांबून दोनदा वाचली. ट्रंकेतले नट आणि बोल्ट बिस्किटाच्या डब्यात तेलाच्या चिंधीत बांधलेले होते आणि म्हणूनच त्यांना गंज चढलेला नव्हता. भाऊ पुण्याला गेला, तुम्ही सासरी गेलात, गिरणी बंद झाली, आणि त्या घरातल्या कुणीतरी एका खेळण्याचे बोल्ट तेलात जपून ठेवले. जॉबरशिवाय हे कोण करील? ज्यांचे उभे आयुष्य मागांचे ढिले भाग आवळण्यात गेले, त्यांनी ते केले असणार. सोलापूरच्या चादरीवरची नक्षी जकार्ड या मागावरच्या यंत्राने विणली जाते, आणि जकार्डमध्येही खेळ भोकांचाच असतो: पुठ्ठ्याच्या कार्डात जेथे भोक, तेथे उभा धागा वर उचलला जातो. तुमच्या वडिलांच्या हाताखालून अशी किती कार्डे गेली असतील, कोण जाणे. तुम्ही रात्री पट्टीचे भोक पट्टीच्या भोकावर धरून बोल्ट घालता तेव्हा त्यात वडिलांची सोबत असू शकेल. असेलच असे मी म्हणत नाही, ते तुम्हीच ठरवायचे आहे. पण घर रिकामे केले त्याच आठवड्यात हे सुरू झाले, आणि वडिलांसाठी रडल्याचा उल्लेख सहा पानांत कोठेही नाही, एवढे मात्र माझ्या लक्षात आले.

आता व्यसनाविषयी. झोप, पैसा आणि खोटे, या तीन ठिकाणी काळजी करण्यासारखे काही आहे, आणि ते मी मवाळ करून सांगणार नाही. एक वाजता झोपून साडेपाचला उठणारी बाई पाच महिन्यांत थकते, हिशेबात चुका करू लागते, घरात चिडू लागते. रात्रीची वेळ तुम्ही आवडीपोटी निवडलेली नाही, ती लपण्यासाठी निवडली आहे. त्यामुळे लपणे संपले की खेळ संध्याकाळी आठ ते नऊमध्ये आणणे फारसे अवघड जाऊ नये. सारे उघड केल्यानंतरही हात थांबत नसतील, खरेदी पुन्हा चोरून सुरू झाली, झोप परत आली नाही, तर मात्र एखाद्या समुपदेशकाशी बोलावे. तशी वेळ येईल असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही.

पतीशी बोलणे आधी करा, मुलाशी नंतर. तुम्ही हिशेबातल्या आहात. चुकीच्या खात्यावर पडलेली रक्कम खोडून टाकायची नसते, दुरुस्तीची नोंद घालून ती योग्य खात्यावर न्यायची असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. रडून, माफी मागून, हातातली क्रेन टाकून देण्याची तयारी दाखवून हे बोलू नका, कारण तसे बोललात तर समोरच्याला गुन्ह्याखेरीज दुसरे काही दिसणार नाही. रविवारी सकाळच्या चहाला क्रेन टेबलावर ठेवा आणि साध्या शब्दांत सांगा: "अप्पांच्या ट्रंकेतला मेकॅनो मी पाच महिने जोडते आहे. त्यावर साडेअकरा हजार खर्च केले आणि तुम्हाला भिशी म्हणून सांगितले. खर्चाचे मला वाईट वाटत नाही, खोटे बोलल्याचे वाटते." त्यांना राग येईल, आणि तो पैशांपेक्षा भिशीच्या गोष्टीचा असेल. तो राग रास्त आहे. तो ऐकून घ्या आणि त्याच्या उत्तरादाखल छंद सोडण्याचे वचन देऊ नका. तसे वचन दिले तर तीन महिन्यांनी पुन्हा साड्यांच्या मागे काहीतरी असेल.

पैशांच्या बाबतीत तुम्हाला आणि बालपणीचा खेळ मोठेपणी पुन्हा हाती धरलेल्या इतरांनाही एक सांगावेसे वाटते. जोडणे आणि विकत घेणे या दोन वेगळ्या आवडी आहेत आणि मोठेपणी दुसरी पहिलीला झाकून टाकते. लहानपणी पैसा नव्हता म्हणून असलेल्या भागांतून वाट काढावी लागे. आता बटण दाबले की तिसऱ्या दिवशी खोके दारात येते, आणि खोके उघडण्याचा आनंद जोडण्याच्या आनंदापेक्षा स्वस्तात मिळतो. प्लॅस्टिकच्या लेगो विटांचे एक गणित आहे: एकाच रंगाच्या, प्रत्येकी आठ उंचवट्यांच्या केवळ 6 विटा 91,51,03,765 वेगवेगळ्या प्रकारे एकमेकींत बसवता येतात. तुमच्याकडे तीन संच आहेत. पुढचे सहा महिने काहीही न घेता तेवढ्यातून काय काय उभे राहते ते पाहा, आणि त्यानंतर महिन्याची एक रक्कम पतीसमोर ठरवून तिच्यातच राहा.

तुमचा चौथा प्रश्न, वर्ग काढण्याचा, मला सर्वांत जास्त खटकला. आवडीला उपयोगाचे प्रमाणपत्र मिळाले की ती उघडपणे करता येईल, असा त्यामागचा विचार असावा. असे प्रमाणपत्र हवेच असेल तर ते देणे कठीण नाही: 1934 मध्ये मँचेस्टरच्या विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी गणितातली अवघड समीकरणे सोडवणारे यंत्र बहुतांशी मेकॅनोच्या भागांतून उभे केले होते. पण पती किंवा सासूबाईंनी विचारले तर हा दाखला पुढे करू नका. "मला आवडते" हे उत्तर पुरेसे आहे आणि तेच देण्याचा सराव तुम्हाला हवा आहे. घरातले इतर लोक क्रिकेटचे सामने पाहतात तेव्हा त्याचा उपयोग काय, असे त्यांना कुणी विचारत नाही. वर्षभराने, खेळ दिवसाच्या उजेडात रुळल्यावर, शेजारची दोन मुले आपणहून येऊन बसू लागली तर वर्गाचा विचार जरूर करा. आज वर्ग काढलात तर तुमच्या हातातली वस्तू पुन्हा दुसऱ्यांच्या मुलांची होईल.

मुलाला सांगितलेले खोटे लहान वाटते, पण पतीशी बोलून झाले की तेही लगेच दुरुस्त करा, असे मी म्हणेन, कारण त्याने काही आरोप केला नव्हता, त्याने फक्त विचारले होते. "ते माझ्यासाठीच जोडत होते" एवढे पुरे. त्यातून त्याला यंत्रे आवडतील, मोबाइल सुटेल, अशा अपेक्षा त्याच्यावर लादू नका. तो हसला तर हसू द्या. दहावीच्या वर्षात आईने असे काही करणे बरे दिसेल का, अशी तुमची शंका आहे. दहावीच्या घरात सगळे श्वास रोखून बसलेले असतात, टीव्ही बंद, पाहुणे बंद, आणि त्या शांततेचे ओझे मुलाच्याच पाठीवर असते. रोज तासभर टेबलाच्या एका टोकाला तो गणिते सोडवील आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही पट्ट्या जोडाल, तर त्याचे नुकसान होईल असे मला वाटत नाही.

भावाचा प्रश्न वेगळा आहे आणि तेथे मी तुमच्या बाजूने झुकून बोलणार नाही. मूळ संच त्याचा आहे. वडिलांनी तो त्याला दिला होता आणि त्याने तो मागितला तर देणे भाग आहे. पण तो काय मागतो आहे हे त्याला तरी ठाऊक आहे का? आपली बहीण रोज संध्याकाळी त्या संचाशी खेळत असे, हे त्याला तुम्ही कधी कळूच दिलेले नाही. डबा नेहमी जागच्या जागी असे. तो मेमध्ये येण्याची वाट न पाहता त्याला फोन करा आणि हे सांगा. मग संच तुमच्याकडे ठेवायचा, त्याच्या मुलाकडे जायचा, की तुम्ही घेतलेले नवे संच भाच्याला द्यायचे आणि अप्पांनी तेलात जपलेले भाग तुम्ही ठेवायचे, हे दोघांनी मिळून ठरवा. शेवटचा मार्ग मला सर्वांत बरा वाटतो. भाचा लहान असेल तर त्याला एक व्यावहारिक कारणही आहे: जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे रंगवलेल्या जुन्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासू नयेत आणि वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाच्या हाती देऊ नयेत. निर्णय काहीही होवो, जुने आणि नवे भाग तोवर एकत्र मिसळू नका, वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

भागांच्या देखभालीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण असे संच माळ्यावर असलेले वाचक पुष्कळ असतील, म्हणून थोडे लिहिते. बिनरंगाच्या लोखंडी दांडीला गंज असेल तर ती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासावी, स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच पुसावी आणि शिलाई यंत्राच्या तेलाचा हात द्यावा. जस्ताचा मुलामा असलेल्या चकचकीत पट्ट्या मात्र व्हिनेगरमध्ये घालू नयेत, मुलामाच निघून जातो. त्यांना साबणाचे पाणी आणि कोरडे फडके पुरते. पितळी दातेरी चाकांना देवाच्या भांड्यांसारखी चिंच लावावी, फक्त दातांच्या फटीत कोळ राहू देऊ नये. नट हरवले असतील तर हार्डवेअरच्या दुकानातला 4 मिलिमीटरचा नट जुन्या बोल्टवर जबरदस्तीने चढवू नका. जुन्या ब्रिटिश मेकॅनोचे आटे 5/32 इंची व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे असतात. आजचा नट दोन फेरे जातो आणि मग आटे खाऊन टाकतो. नवा बोल्ट आणि त्याचाच नवा नट अशी जोडी घ्यावी, ती पट्टीच्या भोकातून व्यवस्थित जाते. प्लॅस्टिकच्या विटा 40 अंशांपेक्षा गरम पाण्यात धुऊ नयेत, आणि सोलापूरच्या मे महिन्यात याचा अर्थ असा की दुपारच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी वापरू नये. माठाशेजारच्या कळशीतले घ्यावे. त्या वाळवाव्यातही सावलीत, कारण उन्हाने त्यांचा रंग पिवळा पडतो.

तुमचे पत्र वाचल्यावर शेजारच्या घरातून मी असा एक संच मागून आणला आणि एका संध्याकाळी त्याचा चार चाकांचा गाडा जोडला. प्रत्येक बोल्ट लगेच घट्ट आवळत गेले आणि शेवटची पट्टी एका भोकाने कमी पडली; सारे सैल करून, सांगाडा हाताने सरळ करून, मग एकेक नट आवळला तेव्हा ती बसली. तुम्हाला हे आठव्या वर्षापासून ठाऊक असणार. पण ती पट्टी बसताना बोटांना जे जाणवले त्यावरून तुमच्या बारा ओळी मला अधिक कळल्या.

मे महिन्यात भाऊ घरी येईल तेव्हा क्रेन टेबलावर असू द्या. तो दारात आला म्हणून ती सोडवू नका.